साळखात्यातले कान

माणसाने एखाद्या त्रासाची सवय करून घेतली, की तो त्रास संपला असे तुम्ही धरून चालता का? नाही म्हणायची घाई करू नका. गिरणीच्या भोंग्याने आता आमची झोपमोड होत नाही, असे परळचा माणूस पाहुण्याला अभिमानाने सांगतो, तेव्हा तुम्ही कौतुकाने मान डोलावली आहे. मीही डोलावली आहे. पाच वर्षे मी याच प्रश्नाची नोकरी केली, आणि त्यातले तीन महिने त्याचे चुकीचे उत्तर सुवाच्य अक्षरात वहीत उतरवत होतो.

दिवाळी अंकात नोकरीचे अनुभव लिहिणारे बहुधा पेन्शनीत निघालेले असतात. मी सत्तावीस वर्षांचा आहे. पण ज्या माणसाला मी गप्प राहायचा शब्द दिला होता, तो गेल्या शिमग्याला गिरणी सोडून गावी गेला आणि जाताना म्हणाला, आता लिही हवे तर. म्हणून लिहितो. नावे बदलली आहेत.

मी डिलाईल रोडच्या चाळीत वाढलो. आबा गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात होते. आमच्या खोलीत पुस्तके नव्हती, पत्रके होती. सभेची, संपाची, निषेधाची. त्यांच्या छापील बाजूवर मी वाचायला शिकलो आणि कोऱ्या बाजूवर गणिते सोडवली. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रके लिहू लागलो. तेव्हा मुंबई-गुजरातच्या द्वैभाषिक राज्याविरुद्ध सगळा गिरणगाव पेटला होता आणि लिहिणाऱ्याला विषयांचा तोटा नव्हता. बी.एस्सी. झालो, तोही दुसऱ्या वर्गात, आणि परळच्या एका संस्थेत शोध-साहाय्यक हवा असल्याची जाहिरात पाहून गेलो.

मुलाखत घ्यायला डॉक्टर वर्देबाई होत्या. ठाकूरद्वारच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पदर खोचलेल्या. त्यांनी मला पदवीबद्दल काही विचारले नाही. निवटा माहीत आहे का, म्हणाल्या. निवटा म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारत फिरणारा मासा. मी म्हणालो, खाल्ला आहे. पकडला आहेस का? म्हटले, हो, शिवडीला, लहानपणी. नोकरी मिळाली.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एका भिंतीला काचेच्या पेट्या, त्यात चिखल, आणि चिखलावर डोळे वर काढून बसलेले निवटे. दुसऱ्या भिंतीला माणसे मोजायचे सामान: काटा, थर्मामीटर, टाचणीएवढ्या अक्षरांचे तक्ते. बाहेरचा माणूस यायचा आणि विचारायचा, या दोन भिंतींचा संबंध काय? बाई सांगायच्या की दोन्हीकडे एकच काम चालते. जीव ज्या जागी पडतो त्या जागेशी जुळवून कसे घेतो, ते बघायचे. निवटा गालांत पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीने श्वास घेतो, म्हणून तो पाण्याबाहेर जगतो. बॉयलरवरचा आगवाला घाम गाळून जगतो. काही गोष्टी जीव जन्माला येतानाच घेऊन येतो, काही जागा त्याला शिकवते. कोणती कुठली, हे वेगळे काढायचे म्हणजे आमचा धंदा. यातली मेख एवढीच, की जुळवून घेणारा स्वतः ते सांगू शकत नाही. त्याला ते जाणवेनासे झालेले असते.

हरताळाच्या दिवशी मी कामावर जात नसे. बाई मात्र ठाकूरद्वारहून परळपर्यंत चालत येत. एकदा मी त्यांना त्यावरून टोचले. त्या म्हणाल्या, "हरताळाला माझा पाठिंबा आहे, दिनकर. पण पेट्यांतलं पाणी बदलायचं नाही, असा ठराव निवट्यांनी अजून केलेला नाही." पुढच्या हरताळाला मीही पाणी बदलायला गेलो. सभेला उशिरा पोचलो आणि कारण कुणाला सांगितले नाही.

आमची गिऱ्हाइके नाना तऱ्हेची. घाम मोजायचा म्हणजे माणसाला पाळीच्या आधी आणि नंतर वजन करून बघायचे, मधे प्यायलेले पाणी धरायचे आणि हिशेब मांडायचा. एक आगवाला आठ तास भट्टीसमोर उभा राहून दीड रत्तलाने जड होऊन बाहेर आला. मी काटा दोनदा तपासला. बाई दोन दिवस गंभीर होत्या. तिसऱ्या दिवशी त्याच्या सोबत्याने सांगितले की त्या दुपारी गावाहून फणस आला होता आणि हा गडी सुटीत अर्धा फणस एकट्याने संपवून आला होता. आम्ही पाण्याचे विचारले होते, फणसाचे नव्हते. माणूस विचारलेल्याचेच उत्तर देतो, हे मी तेव्हा शिकायला हवे होते.

मग कानांचे काम आले. गिरणीतल्या आवाजाचा कामगारांच्या कानांवर काय परिणाम होतो, यावर एका चौकशी समितीला मत हवे होते. साळखात्याबद्दल, म्हणजे जिथे कापड विणतात त्या खात्याबद्दल, विशेष. शेकडो साचे, म्हणजे माग, एका छपराखाली, प्रत्येक साच्यात धोटा इकडून तिकडे आदळतो. बाईंचे मत समितीत चालणार होते. बाई म्हणतील की कान शाबूत आहेत, तर साचे होते तसेच राहणार. म्हणतील की कान जातात, तर निदान काही करावे लागेल.

तपासणी साधी होती. शांत जागी माणसाला भिंतीकडे तोंड करून उभे करायचे, एका कानात त्याचे बोट घालायला सांगायचे, आणि ठरलेल्या अंतरावरून कुजबुजत अंक म्हणायचे. त्याने तेच परत म्हणून दाखवायचे. बाईंनी हे मला कागदावर लिहून दिले होते.

मी तो कागद वाचला आणि भिंतीपाशी अडलो. थोड्याच दिवसांपूर्वी सत्याग्रहात आम्हा काही जणांना पोलीस चौकीत भिंतीकडे तोंड करून तासभर उभे केले होते. बापाच्या वयाच्या कामगाराला, त्याच्याच चाळीच्या व्यायामशाळेत, मी तसे उभे करणार? शिक्षा झालेल्या पोरासारखे? मी ते करणार नव्हतो. मी प्रत्येकाला समोर बसवले, सतरंजीवर, मानाने. अंतर तेवढेच ठेवले, आवाज तेवढाच ठेवला. फक्त भिंत गाळली. बाईंना सांगितले नाही. सांगण्यासारखे काही केले आहे असे वाटलेच नाही. उलट अंक नीट पोचावा म्हणून मी सभेत बोलतो तसे ओठ मोकळे करून कुजबुजत असे.

तीन महिने दर रविवारी मी तीन चाळींतले विणकर तपासले. निकाल थक्क करणारा होता. वीस-वीस, तीस-तीस वर्षे साच्यावर काढलेली माणसे कुजबुजलेले अंक बिनचूक म्हणत होती. एका रविवारी मला सर्दी झाली होती आणि मी तोंडाला रुमाल धरून काम केले. त्या दिवशी ओळीने तिघांना एकही अंक कळला नाही. मी वहीत लिहिले: 'सर्दीमुळे तपासनिसाचा आवाज नीट निघाला नाही, फेरतपासणी करणे.' आठवड्याने रुमालाशिवाय केली, तिघेही पास. ते पान अजून माझ्याजवळ आहे. माझ्या हुशारीबद्दल कुणाला शंका आली तर दाखवायला ठेवले आहे.

बाई वही वाचून हरखल्या. आवाजाशी कान इतके जुळवून घेतात, असे त्यांना कुठे आढळले नव्हते. त्या अहवाल लिहायला बसल्या. समितीची बैठक दहा दिवसांवर होती.

त्यातल्या पहिल्या रविवारी मी तात्यांकडे गेलो. तात्या म्हणजे मालवणकडचे विणकर, आमच्या शेजारच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे. माझ्या वहीतला पहिला माणूस तेच. सभेचे पत्रक द्यायचे होते. खाली चौकात लेझीमची तालीम चालली होती, ढोलाने कान फुटत होते. तात्या गॅलरीत कठड्याला रेलून उभे होते आणि समोरच्या चाळीच्या गॅलरीत त्यांच्याच खात्यातला एक गडी. दोघे गप्पा मारत होते. तो ओठ हलवी, बोटांनी काही दाखवी, तात्या हसत, मग तात्या ओठ हलवीत. मधे पन्नास पावलांचा चौक आणि ढोल. मला गंमत वाटली. मी मागून हाक मारली. त्यांनी वळून पाहिले नाही. ढोलामुळे असेल म्हणून थांबलो. ढोल थांबला. पुन्हा हाक मारली, जवळ जाऊन, मोठ्याने. तात्या समोरच्या गड्याकडे बघून हसतच होते.

दारात तात्यांच्या पत्नी, आमच्या काकी, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाठसून हाक मारून काय उपयोग, झिला? त्येंका आयकाक येना नाय."

मी म्हणालो की माझ्या तपासणीत त्यांना सगळे ऐकू आले.

"तू समोर बसलेलंस ना? तोंड बघून समाजतत ते. साळखात्यातले सगळेच तसे. तुझो बापूस गिरणीत ना रे? तुका ह्या म्हायत नाय?"

एवढे बोलून त्या सुपाकडे बघू लागल्या. कारण त्यांना आठवले होते आणि मलाही. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीच्या धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागते. आज एकाने ओढलेला धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. आमच्या लोकांचे उष्टे इतरांना चालणार नव्हते, म्हणून साळखात्याचे दार आमच्या लोकांना बंद होते. आबांनी तीस वर्षे त्याच आवारात काम केले आणि साळखात्यात पाऊल टाकले नाही. तिथले लोक ओठांनी बोलतात हे आमच्या घरात कुणी पाहिलेलेच नव्हते. गिरणगावात जन्मलेला मी, आणि गिरणीतल्या एका मोठ्या खात्याबद्दल परदेशी पाहुण्याइतका अडाणी होतो.

काकी उठल्या, चहा टाकला आणि घरच्याच कपात मला दिला. त्या दिवसांत ही गोष्ट लक्षात यायची. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दिवो मालवलो की आमचा बोलणा बंद. अंधारात मी काय बोलतंय ता त्येंका कसा कळतला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंना सगळे सांगितले. भिंत का गाळली तेही सांगितले. नोकरी जाईल अशी तयारी करूनच गेलो होतो. बाईंनी लिहिलेल्या अहवालाचे कागद उचलले, टेबलावर आपटून सारखे केले आणि खणात ठेवले.

"म्हणजे तू निवट्याला पाण्यात ठेवलंस," त्या म्हणाल्या, "आणि लिहून आणलंस की याला चिखलावर काही त्रास नाही."



"माणसाचा मान राखावासा वाटला, ते बरोबर. पण कशासाठी उभं करतो आहोत हे त्याला सांगणं, हा खरा मान. तू त्यांना काहीच सांगितलं नाहीस. आणि मलाही नाही."

ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. पुढे त्या म्हणाल्या की आता मधे एकच रविवार उरला आहे, सगळे विणकर पुन्हा तपासायचे, आणि त्या स्वतः येणार.

विणकरांना बोलवायचे तर तात्यांना राजी करणे भाग होते. तिन्ही चाळींत त्यांचा शब्द चाले. मी समोर बसून, उजेडात, सगळे सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. ऐकू येत नाही हे जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, कळू द्यायचे नाही, यावर त्यांनी सारी हयात काढली होती. त्यांच्या खात्यातला एक जण बहिरा ठरला आणि त्याच आठवड्यात साच्यावरून निघून झाडूवर गेला. तो पुढे कुणाशी बोलेनासा झाला.

"इतकी वर्षां आयकाक येता म्हणून दाखवतंय," ते म्हणाले, "ता सोंग काय तुझ्या वहीसाठी मोडू? आणि तू तर कागद छापणारो. उद्या माझा नाव पत्रकात."

हे त्यांनी बरोबर ओळखले होते. असे पत्रक मला जन्मात मिळाले नसते. मथळासुद्धा डोक्यात तयार होता. मी शब्द दिला की वहीत नाव येणार नाही, पहिल्या वहीतही नव्हते, फक्त आकडा आणि साच्यावरची वर्षे. नावांची यादी जुळवायला कागदच असणार नाही. आणि तुम्ही गिरणीत आहात तोवर मी यावर एक ओळ लिहिणार नाही.

"ह्याच्यान आमचे कान परत येतले?"

नाही, मी म्हणालो. नव्यांचे कदाचित राहतील.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. जणू मी आणखी काही बोलेन. त्यांचा थोरला जावई तीन महिन्यांपूर्वीच साळखात्यात लागला होता. लावून त्यांनीच दिला होता. काकी आतून म्हणाल्या, जावयाला अजून हाक मारली की वळून बघतो. त्यांना ते ऐकू गेले नाही. मी समोरून पुन्हा सांगितले. मग ते म्हणाले, रविवारी येतो.

रविवारी व्यायामशाळेत विणकर जमले. कुणी कुणाशी बोलत नव्हते, ओठांनीही नाही. बाई टॅक्सीने आल्या, चपला दारात काढल्या आणि सगळ्यांसमोर उभ्या राहून सावकाश बोलल्या. तपासणी कशाची, भिंत कशासाठी, वहीत काय जाणार आणि काय नाही. नंतर त्या स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, कानात बोट घातले आणि मला अंक म्हणायला सांगितले. मी कुजबुजलो, त्यांनी एकेक अंक म्हणून दाखवला, एक चुकला. लोक हसले. हवा थोडी सैल झाली.

पहिले तात्या उठले. सदरा सारखा केला, भिंतीकडे तोंड केले, कानात बोट घातले. मी मागे ठरलेल्या जागी उभा राहून सुरुवात केली. सत्तावीस. चौसष्ट. अकरा. प्रत्येक अंकानंतर थांबत होतो. एकोणतीस. ब्याऐंशी. तात्या ताठ उभे होते, पाठीची शीर हलत नव्हती. मी दहाही अंक संपवले.

मग तात्या भिंतीशीच म्हणाले, "सुरू कर की रे. उन्हां चढली."

मागे सतरंजीवर बसलेल्यांपैकी कुणी हसले नाही.  बाई पुढे गेल्या, वळसा घालून त्यांच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "झालं, तात्या."

त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिले. किती बरोबर आले, असे विचारले.

"एकही नाही," बाई म्हणाल्या. गोड करून नाही, नजर चुकवून नाही.

तात्यांनी मान हलवली. खांद्यावरचा पंचा झटकला आणि लोकांकडे वळले. "बघतास काय? उठा. पाठ दाखवूक लाज कसली? चोरी केलीय काय आपण?" आणि एकेक जण उठला. दिवेलागणीच्या आत वही भरली. जुन्या वहीतला आणि नव्या वहीतला एकही आकडा जुळत नव्हता. जितकी वर्षे साच्यावर, तितके कमी अंक.

समितीपुढे बाईंनी दोन्ही वह्या ठेवल्या. पहिली चूक आमची, हेही सांगितले. माझे नाव घेतले नाही, "आमची" म्हणाल्या. मी मागच्या बाकावर होतो. एक गृहस्थ भले होते, कुत्सित नव्हते. त्यांनी विचारले की ही माणसे ओठ वाचून काम उत्तम करतात, त्यांनी जुळवून घेतले आहे, मग अडचण कुठे येते?

बाई म्हणाल्या, "त्यांच्या घरात दिवा मालवला की अडचण येते."

काकींचे वाक्य मी त्यांना सांगितले होते. समितीला ते कळले की नाही, मला ठाऊक नाही. अहवाल स्वीकारला गेला, असे पत्र आले. एका गिरणीत नव्या लोकांना कानांत घालायला कापूस देऊ लागले, असे नंतर कानावर आले. कापूस गिरणीत तसा भरपूर असतो. बाकी अहवाल कपाटात आहे. राज्य झाले, मुंबई मिळाली, आम्ही फटाके वाजवले. साळखात्यातला आवाज आहे तेवढाच आहे. आमच्या लोकांना त्या खात्याचे दार कुठे कुठे आता उघडते आहे, आणि त्यासाठी भांडलेला मी माझ्या धाकट्या भावाला तिथे जा म्हणून सांगताना अडखळतो. यावर अजून मला पत्रक लिहिता आलेले नाही.

बाई अजून परळलाच आहेत. मी नोकरी सोडली तेव्हा त्यांनी मला ती सर्दीची नोंद असलेले पान फाडून दिले आणि म्हणाल्या, तुझ्या सगळ्या लिखाणात हे मला फार आवडते.

आता तुम्हाला एक काम सांगतो. तुमच्या घरात, शेजारात, गावी परत गेलेल्या नात्यात साळखात्यात काम केलेला कुणी ना कुणी असेल. या सणात त्याच्याकडे जा. आधी समोर बसा आणि काय करणार, कशासाठी करणार, ते त्याला सांगा. तो हो म्हणाला तरच पुढे जा. त्याला पाठमोरे बसू द्या आणि हळू आवाजात दहा अंक म्हणा. मग साच्यावर किती वर्षे काढली ते विचारा. एका पोस्टकार्डावर दोन आकडे लिहा, वर्षे किती आणि अंक किती ऐकू आले, आणि ते कार्ड या अंकाच्या संपादकांकडे पाठवा. कपाटातल्या एका वहीकडे दुर्लक्ष करता येते. पोस्टमनने रोज आणून टाकलेल्या कार्डांकडे करता येणार नाही.

नाव मात्र लिहू नका. त्याचेही नको, गिरणीचेही नको. आणि शून्य आले, तर ते त्याला समोर बसून, उजेडात सांगा.